ठेक्याच्या मागेमागे

सिग्नल हिरवा झाला, माणसं रस्ता ओलांडू लागली, आणि भाऊजी तिथेच उभे राहिले. तो, त्यांचा मेव्हणा, बोलता बोलता बराच पुढे गेला होता. आपण हवेशी बोलतोय हे कळायला त्याला क्षण लागला. मागे वळून पाहिलं तर फुटपाथच्या कडेला भाऊजी. काखेत ड्रमचं नवं कातडं, परातीएवढं. चेहऱ्यावर भाव असा, की कुणी नाव विचारावं आणि आपलंच नाव आठवू नये. पाय उचलायचाय हे दिसत होतं. गुडघा हलला, टाच सुटली, पण चवडा जमिनीने धरून ठेवल्यासारखा. एका बाईने त्यांना वळसा घातला, एक सायकलवाला काहीतरी पुटपुटला. मग ते एकदम सुटले आणि तोल सावरत, लहान लहान पावलं घाईघाईने टाकत, दिवा लाल होता होता त्याच्यापाशी येऊन पोहोचले. "बूट चिकटला रे," भाऊजी हसून म्हणाले. "लोक च्युइंगम कुठेही थुंकतात." त्यांनी बूट उलटा करून दाखवला. तळाला काहीच नव्हतं. दोघांनीही ते पाहिलं, आणि दोघेही पुढे चालू लागले. पण त्याचं लक्ष बुटाकडे नव्हतं. ती अडखळ, तो क्षणाचा खोल खळगा आणि मग ती केविलवाणी घाई, हे सगळं त्याने आधी ऐकलेलं होतं. कित्येक महिने, गॅरेजमध्ये, शटर खाली ओढलेलं असताना, भाऊजींच्या ड्रमवर तो हेच ऐकत होता. आज ते पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं एवढंच.

भाऊजी हे आता सगळ्यांचेच भाऊजी होते. बँडमधली गिटारवाली त्यांना भाऊजी म्हणायची, वाद्यांच्या दुकानातला म्हातारा म्हणायचा, गॅरेजवर गाडी टाकायला येणारी गिऱ्हाइकं म्हणायची. पण खरा मान त्याचा. ताईचं लग्न ठरलं तेव्हा तो शाळेत होता. नुकता आवाज फुटलेला, हातापायांचं काय करायचं ते न कळणारा पोरगा. होणारे जावई पहिल्यांदा घरी आले ते रिकाम्या हातांनी नाही, पण मिठाई घेऊनही नाही. त्यांनी रेकॉर्डचं एक खोकं आणलं होतं. वडील आईला हळूच म्हणाले होते, "गॅरेजवाला आहे, आवाजाची सवय असणारच." मोठी माणसं आत याद्या-बैठकीचं बोलत असताना भाऊजींनी त्याला जमिनीवर आडवं व्हायला लावलं, त्याच्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना स्पीकर ठेवले आणि सुई टेकवली. त्या रेकॉर्ड तेव्हाही जुन्याच होत्या. परदेशातल्या कुठल्याशा पोरांनी आपल्या ॲम्प्लिफायरचे कान पिळून पिळून ते पार जळायला लावले होते, त्या काळातल्या. साधं दुःखाचं गाणं म्हणून सुरू व्हायचं, आणि मधेच कुठेतरी वाट सोडून दलदलीत शिरायचं. गिटार करपायची, आवाज वितळून भिंतींवरून ओघळायचा, गाणं संपायचं विसरून जायचं. पुढे याच प्रकाराला लोकांनी मोठमोठी नावं दिली, कातडी जाकिटं चढवली. पण तेव्हा ते नुसतं अवजड होतं, बेढब होतं, आणि स्वतःलाच घाबरलेलं होतं. त्याला ते पोटात ऐकू आलं. ते संपल्यावर तो उठला तेव्हा खोली थोडी कलंडली होती. भाऊजींनी विचारलं, "काय रे, कसं वाटलं?" तो काहीतरी बोलला, आणि त्याच्या नव्या फुटक्या आवाजाने टेबलावरचा पेला किणकिणला. "हा तर खर्ज!" भाऊजी ओरडले. तेव्हापासून तो खर्ज. आईवडील गेले, शाळा सुटली, लग्न होता होता राहिलं, पण खर्ज हे नाव चिकटलं ते चिकटलं.

बेस, ती खर्जातली गिटार, त्याला भाऊजींनीच शिकवला. शिकवला म्हणजे काय, एक वाक्य सांगितलं. "गिटारला काय वाटेल ते करू दे. ती वेडी झाली तरी चालेल, वेडं व्हायला तर तिला ठेवलीय. तू फक्त माझा पाय ऐक. मी जिथे पाय टाकीन तिथे तू टाकायचा." मोठ्या ड्रमवर पडणारा तो पाय. धप्प. आणि त्या धप्पच्या पोटात याची जाड तार. दोन माणसांचा मिळून एक पाय. एवढ्या वर्षांत तो बेस वाजवायला शिकला की नुसता भाऊजींना ऐकायला शिकला, हे त्याला सांगता आलं नसतं. दिवसभर तो दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवायचा. कधीही न पाहिलेल्या माणसांच्या तोंडाचे प्लास्टरचे साचे, त्यांच्यावर मेण, मेणात एकेक दात. वरची ओळ खालच्या ओळीवर बसते की नाही हे तो कागदाची निळी पट्टी मधे धरून, साचा मिटून बघायचा. जिथे निळा डाग जास्त, तिथे घासायचं. केसाएवढा फरक राहिला तरी माणसाला घास चावता येत नाही. त्याचा कान असाच झाला होता. भाऊजींचा पाय आणि त्याची तार यांच्यामध्ये एक निळी पट्टी कायम धरलेली असायची.

तर त्या पट्टीवर गेल्या हिवाळ्यात पहिला डाग उठला. 'गंजका सूर्य' हे त्यांच्या बँडचं नाव, आणि त्याच नावाचं त्यांचं सगळ्यांत लांबलचक गाणं. त्याच्या मधल्या भागात भाऊजींचा पाय जरा उशिरा पडला. अगदी जरासा. त्याला वाटलं, दमलेत. दिवसभर गाडीखाली निजून काम केलं की होतं. पुढच्या आठवड्यात तोच उशीर पुन्हा आला, थोडा खोल. उजव्या हाताची पितळी थाळीवरची टिकटिक बारीक होत होत जायची, जशी लहान मुलाचं अक्षर ओळीच्या शेवटी बारीक होत जातं तशी. मग मधेच दचकून जागी झाल्यासारखी भराभर. त्याने विचार असा काही केलाच नाही. पाय जिथे पडला तिथे त्याने तार छेडली. पाय मागे पडला, तोही मागे पडला. पाय थांबला तेव्हा त्याने आपला सूर लांबवला, फुगवला, त्या भोकावर चादर अंथरावी तसा अंथरला, आणि पाय परत सापडेपर्यंत तसाच धरून ठेवला. भोक कुणाला दिसलं नाही. गिटारवालीला तर नाहीच. ती मोटार चालवायला शिकवणाऱ्या शाळेत शिकवायची. दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून ब्रेकवर पाय ठेवून ठेवून तिचा जीव मेटाकुटीला यायचा, आणि रविवारी ती सगळा सूड गिटारवर उगवायची. तिच्या गाण्यात कारखान्याच्या भोंग्याची ताकद होती म्हणून तिचं नाव भोंगा, आणि तिलाही ते मानवलं होतं. त्या दिवशी गाणं संपल्यावर भोंगा घामाघूम होऊन ऑइलच्या डब्यावर बसली आणि म्हणाली, "हे काय होतं? बाई गं! इतकं जड आपण कधीच वाजवलं नव्हतं. भाऊजी, तुम्ही आज जमीन खाली ओढत होता!" भाऊजींनी काठ्या मांडीवर ठेवल्या. त्यांचे कान लाल झाले होते. इतक्या वर्षांत त्यांच्या वाजवण्याचं कुणी असं कौतुक केलं नव्हतं. ते ड्रमच्या मागे बसणारे, कायमचे मागचे. "वय वाढलं की वजन वाढणारच," ते म्हणाले, आणि सगळे हसले. तोही हसला.

मग ते वाढतच गेलं, दोन्ही बाजूंनी. गावात एक बंद पडलेला, छताखालचा पोहण्याचा तलाव होता. पाणी केव्हाच काढून टाकलेलं, आणि तिथे आता असले बँड वाजवायचे. पोरं तलावाच्या खोल टोकाला उभी राहायची आणि वादक उथळ टोकाला, निळ्या फरश्यांवर. तिथे एका संध्याकाळी त्यांनी 'गंजका सूर्य' सुरू केलं. भोंगाने आवाज चिरफाळणारा फझचा डबा पायाने दाबला, गिटार करपून फाटली, आणि गाणं मध्यावर येताच भाऊजींचा पाय बुडू लागला. खर्ज त्या पायाच्या मागेमागे गेला. खाली, आणखी खाली. दोन ठोक्यांच्या मधली जागा इतकी मोठी झाली, की तिच्यात उभं राहून इकडेतिकडे बघता यावं. समोर पोरांनी डोळे मिटले होते. त्यांच्या माना एकाच वेळी खाली जात होत्या आणि वर यायला घाबरत होत्या. त्याला मात्र भाऊजींचा चेहरा दिसत होता. घामाने चमकणारा, ताठ, एखाद्या मुखवट्यासारखा. तो चेहरा पुढच्या ठोक्याची वाट बघत होता. ठोका कुठून येणार, कधी येणार, हे वाजवणाऱ्यालाही माहीत नव्हतं. बाकीच्या जगाला वाटत होतं की हा माणूस काळ थांबवून दाखवतोय. गाणं संपल्यावर एक दाढीवाला पोरगा भाऊजींचा हात हातात घेऊन म्हणाला, "सर, तुम्ही वाजवता तेव्हा पृथ्वी फिरायची थांबते." भाऊजी घरी जाताना वाटभर ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते. आधी थट्टेत, मग नुसतंच. "पृथ्वी म्हणे. कार्टं वेडंच होतं."

सिग्नलचा तो प्रकार घडल्यानंतर मात्र त्याला स्वस्थ बसवेना. लॅबमध्ये मेण उकळून सांडलं, एका कवळीचे सुळे उलटसुलट बसले. कुणाला तरी सांगायला हवं होतं. त्याने भोंगाला गाठलं. ती शिकाऊ पाटी लावलेल्या गाडीत डबा खात बसली होती. "भाऊजींच्या वाजवण्यात तुला काही वेगळं वाटतं?" त्याने आडून विचारलं. "वाटतं ना! म्हातारपणी पालवी फुटलीय त्यांना. आणि ऐक, ती छोटी रेकॉर्ड कंपनी, ते हो म्हणालेत. रेकॉर्ड करायची. खरीखुरी, काळी, गोल." तिचे डोळे लहान पोरीसारखे झाले होते. "तू काय सांगत होतास?" "काही नाही," तो म्हणाला. मग तो ताईकडे गेला. ताई पडदे शिवायची. घरात शिरलं की कापडांच्या डोंगरांमधून वाट काढावी लागे. ती मशीनवरून उठली नाही, पण चष्म्यावरून त्याच्याकडे बघत राहिली, आणि त्याने तोंड उघडायच्या आत म्हणाली, "बस. मला तुझ्याशीच बोलायचंय. तुला काय होतंय?"

"मला?"

"हे म्हणत होते. खर्जाचं काहीतरी बिनसलंय म्हणे. वाजवताना मागे मागे पडतो, मला खेचून घेतो, मी कसंबसं सावरून घेतो. झोपत नाहीस का? तुझ्या मनात काही आहे का? एकटा राहतोस, सांगायला कुणी नाही, म्हणून म्हटलं."

त्याने मशीनकडे पाहिलं. मशीनच्या सुईखाली एक हिरवा पडदा अर्धवट अडकून पडला होता. भाऊजी घोळ ऐकत होते तर! इतके दिवस दोघंही तेच ऐकत होते. फक्त भाऊजींना वाटत होतं की पडतोय तो हा. आणि वाटणारच. ते थोडेसे मागे सरकायचे तेव्हा हा तिथे आधीच येऊन उभा असायचा. "ताई," तो म्हणाला, "माझं काही नाही गं. भाऊजींचंच..." "त्यांचं काय?" तिचा हात मशीनच्या चाकावर गेला आणि तिथेच राहिला. तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी झरकन सरकलं, आणि त्या क्षणी त्याला कळलं की ही विचारत नाहीये, ही विनवतेय. "त्यांचंच म्हणणं बरोबर असेल," तो म्हणाला. "झोप कमी होतेय हल्ली." चाक पुन्हा फिरू लागलं. "मग तसं सांगावं की माणसाने," ताई म्हणाली. "जीव टांगणीला लावतोस तो."

रेकॉर्डिंग एका तळघरात होतं. भिंतींना करडा स्पंज, आणि काचेपलीकडे एक शांत, टकलू माणूस, ज्याला सगळे इंजिनिअर म्हणत. त्याने सकाळभर माइक मांडले, दुपारी 'गंजका सूर्य' वाजवून घेतलं आणि मग तिघांना आत बोलावून ऐकवलं. मधल्या भागात त्याने बटण दाबून सगळं थांबवलं. "इथे," तो म्हणाला, अगदी सभ्यपणे. "ठेका बसतोय खाली. आवडेल लोकांना, पण हे मुद्दाम आहे का चुकून, मला ते कळायला हवं. कारण इथे ड्रम आणि बेस, दोघांमधलं कुणीतरी एक दुसऱ्याला ओढतंय." स्पीकरमधून नुसती घरघर येत होती. इंजिनिअर दोघांचे आवाज वेगवेगळे करून ऐकवू शकला असता, त्याचा हात बटणांच्या दिशेने गेलाही. भाऊजी त्या हाताकडे बघत होते. मग त्यांनी खर्जाकडे पाहिलं. रागाने नव्हे. फार मायेने, एखाद्याने आपल्या माणसाची चूक चारचौघांत झाकावी तसं. ती माया त्याला सोसवेना. "माझं होतंय ते," तो घाईघाईने म्हणाला. "मी मागे पडतो. हल्ली होतं तसं. राहू द्या, वेगळं नका ऐकवू." इंजिनिअरने खांदे उडवले. बाहेरच्या जिन्यात भाऊजींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो हात कपड्यातूनही बारीक बारीक थरथरताना जाणवत होता. "मानलं तुला," भाऊजी म्हणाले. "आता माझं एक ऐक. ताईने एका डॉक्टरबाईंशी बोलून ठेवलंय, नसांच्या. त्यांच्या घरचे पडदे हिनेच शिवलेत. मी घेऊन जातो तुला. घाबरायचं काही नाही. मी आहे ना."

आणि तो गेला. नाही म्हणायला त्याच्याजवळ काही उरलंच नव्हतं. दवाखान्यात भाऊजी त्याच्या शेजारी बसून राहिले, त्याची पाण्याची बाटली सांभाळत, मधून मधून "सगळं ठीक होईल" म्हणत. डॉक्टरबाई वयस्क होत्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी त्याच्या गुडघ्यांवर हातोडी मारली, डोळ्यांत उजेड पाडला, बोटाने नाक शिवायला लावलं, एका रेषेत चालवलं. भाऊजी खुर्चीच्या कडेवर पुढे झुकून सांगत होते, "ठेक्यात मागे पडतो हो. आधी असा नव्हता. घड्याळ लावावं असा वाजवायचा." बाई ऐकत होत्या, पण त्यांची नजर हळूहळू त्याच्यावरून निघून बोलणाऱ्याकडे गेली होती. त्या न मिटणाऱ्या डोळ्यांवर, मांडीवरच्या उजव्या हाताच्या हलत्या अंगठ्यावर. "यांना काही झालेलं नाही," त्या म्हणाल्या, "अगदी धडधाकट आहेत." भाऊजींनी मोठा श्वास सोडला. मग बाई तितक्याच सहज आवाजात म्हणाल्या, "आता आलाच आहात तर तुम्हीही जरा दाखवता का? अंगठा आणि पहिलं बोट असं टाळी दिल्यासारखं. मोठं मोठं उघडा. जमेल तितकं भराभर."

"मी? मी ड्रमर आहे, बाई," भाऊजी हसून म्हणाले, आणि हात पुढे केला. पहिल्या टाळ्या ऐटदार पडल्या, जणू गाण्याआधी मोजून देताहेत. मग बोट थोडं कमी उघडू लागलं. मग आणखी कमी. मग नुसतं कुजबुजल्यासारखं, आणि मग बोट अंगठ्याला टेकून राहिलं, आणि उघडेना. खोलीत तार नव्हती, फझ नव्हता, भोंगाचा आवाज नव्हता. त्या शांततेत ते उघडं पडलेलं भोक तिघंही बघत होते. त्याला आपली जागा सोडून उठावंसं वाटलं, काहीतरी वाजवावंसं, पडदा ओढावासा वाटला. खुर्चीचा दांडा धरून तो बसून राहिला. भाऊजी आपल्या बोटाकडे पाहत होते. मग अगदी सावकाश त्यांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

बाई बराच वेळ बोलल्या. नाव सांगितलं, गोळ्या सांगितल्या, असं झालेली माणसं किती वर्षं चांगली जगतात ते सांगितलं. तपासण्या करायच्या होत्या, पण त्यांच्या बोलण्यात शंका नव्हती. भाऊजींनी सगळं शहाण्या मुलासारखं ऐकून घेतलं. दोघं खाली येऊन गाडीत बसले. गाडी भाऊजींचीच, गॅरेजची जुनी व्हॅन, मागे अजून ड्रमचे डबे बांधलेले. त्यांनी किल्ली लावली नाही.

"तुला ठाऊक होतं," ते म्हणाले.

"हो."

"आणि त्या तळघरात सगळं स्वतःवर घेतलंस. मी तुला माफ केलं! पाठीवर हात ठेवून माफ केलं मी तुला." ते हसले, पण हसू अर्ध्यावर राहिलं. समोरच्या काचेवर एक वाळकं पान वायपरमध्ये अडकून फडफडत होतं. "म्हणजे ते जे म्हणत होते सगळे. जड झालंय, पृथ्वी थांबते, आणि काय काय. तो रोग होता होय रे? आणि बाकीचा तू?"

"नाही हो भाऊजी. तुमचंच होतं ते."

"कुठलं माझं?"

त्याला सांगायचं होतं. त्या बुडत्या ठेक्यात पुढचा पाय टाकायला जे लागत होतं, दर वेळी, अंधारात, खाली जमीन आहे की नाही हे माहीत नसताना, ते दुसऱ्या कुणाचं असणार? ते त्याने इतक्या जवळून ऐकलं होतं. पण हे शब्दांत कसं मांडायचं ते त्याला कळेना. तो बेस वाजवणारा माणूस, त्याला मागून चालणं येत होतं. भाऊजी थोडा वेळ वाट बघत राहिले, मग त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. ते चुकीचं समजले होते, आणि तेही त्याला दुरुस्त करता आलं नाही.

तेवढ्यात भाऊजींचा फोन वाजला. ताई. त्यांनी तो कानाला न लावता मधल्या खाचेत ठेवला आणि डाव्या हाताने बटण दाबलं. मागे मशीनचा आवाज येत होता, मग तो थांबला. "काय म्हणाल्या बाई?" ताईचा आवाज श्वास रोखलेला. "खरं सांगा हं. माझ्यापासून काही लपवू नका. कसा आहे तो?"

भाऊजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग समोर, रस्त्याकडे.

"ठणठणीत आहे," ते म्हणाले. "त्याला काही म्हणजे काही झालेलं नाही. बाईंनी नीट तपासून सांगितलं."

मग ताई रडायला लागली, आणि रडता रडताच हसायला लागली. "मेल्याने प्राण कंठाशी आणले होते," ती म्हणत होती. "मला रात्र रात्र झोप नाही, तुम्हाला बोलून दाखवलं नाही मी, पण नुसते वाईट वाईट विचार. आहे का तिथे तो? ऐकतोयस ना रे? देवासारखी आली बघ ती बाई. आता दोघं आधी घरी या, पोटभर जेवा." ती बोलतच राहिली, तिला थांबवत नव्हतं. इतकी मोकळी, इतकी हलकी ती त्याने कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. भाऊजींचे ओठ घट्ट मिटलेले होते. दोन्ही हात त्यांनी स्टिअरिंगवर दाबून धरले होते.

"ऐकतोय गं," तो म्हणाला.